तयारी कोणाची, हुकूम कोणाचा?

शाळेत इंग्रजीचा श्रीगणेशा झाला तेव्हा आम्हांस शब्दार्थांची एक वही घालावी लागली होती. तीत 'रेडी' म्हणजे तयार, 'प्रिपेअर' म्हणजे तयारी करणे, 'प्रोव्हाइड' म्हणजे तरतूद करणे, 'अलर्ट' म्हणजे सावध, असे शब्द एकाखाली एक लिहून घेतले होते. आणि परीक्षेपुरते तेवढे ज्ञान पुरेसेही ठरले. पुढे कोश चाळण्याचा नाद लागला, तेव्हा ध्यानात आले की, वहीत शेजारी-शेजारी बसलेली ही मंडळी एका गावची नव्हेत. कोणी घोड्यावरून आला आहे, कोणी जहाजातून उतरला आहे, कोणी शेतातून, तर कोणी राजाच्या मुदपाकखान्यातून. एका अर्थाला इतके शब्द पाहून इंग्रजीच्या श्रीमंतीचे कौतुक करण्याची आपल्याकडे रीत आहे. ते कौतुक खोटे नव्हे. पण ही श्रीमंती जमली कशी, हेही पाहिले पाहिजे. त्या बेटावर जो जो चालून गेला त्याने तयारीचा आपला एकेक शब्द तेथे टाकला. तो शब्द उकलून पाहिला तर त्या काळी तयार कोण होत होता आणि तयार राहण्याचा हुकूम कोण देत होता, हे बहुधा कळून येते. आज आम्हांला या दुसऱ्या गोष्टीविषयीच मुख्यतः बोलावयाचे आहे.

अँग्लो-सॅक्सन लोकांचा तयारीचा जुना शब्द 'गेआरू' असा लिहीत. त्याचा वंशज 'येअर' हा पुढे जमिनीवरून नाहीसा झाला आणि खलाशांच्या बोलीत तेवढा तग धरून राहिला. शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट' नाटकाच्या आरंभी वादळात सापडलेल्या जहाजावर तो ऐकू येतो. याच कुळातला एक शब्द उत्तरेकडील नॉर्स भाषेतून आला, तो 'गिअर'. आधी अंगावरचा पोशाख आणि शस्त्रे, मग घोड्याचे सामान, मग कोणतीही अवजारे, आणि शेवटी यंत्राची दातेरी चाके, असा त्याचा प्रवास झाला. आज एस. टी.चा चालक गिअर टाकतो तेव्हा हजार वर्षांपूर्वीची ती लढाईची सिद्धताच हातात घेतो म्हणावयाचे.

'रेडी' या शब्दाची कथा अधिक लांबची आहे. 'राइड' म्हणजे घोड्यावर बसून जाणे, या क्रियापदाशी त्याचे नाते असावे, असे पुष्कळ विद्वानांचे मत आहे. जर्मन भाषेतील 'बेराइट' म्हणजे तयार आणि 'राइटेन' म्हणजे घोडेस्वारी करणे, ही जोडी त्याला पुष्टी देते. 'रोड' हा शब्द तर त्या क्रियापदापासून निश्चितच आला आहे. आणि 'रेड', म्हणजे छापा, हे त्याच शब्दाचे स्कॉटलंडकडचे रूप. तेव्हा रस्ता, छापा आणि तयारी ही तिन्ही एका घरची. ज्याच्या घोड्यावर खोगीर चढले आहे तो 'रेडी'! याच मुळाचा एक फाटा फ्रेंचमध्ये जाऊन इंग्रजीत परत आला, त्यातून 'अ‍ॅरे' झाला. तेराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडचे राजे गावोगावची माणसे लढाईसाठी गोळा करण्याचे जे फर्मान काढीत, त्याच्या नावात हा 'अ‍ॅरे' आहे. दुसरा फाटा म्हणजे घोड्याला खरारा करणे या अर्थाचा 'करी'. ही 'करी' म्हणजे आपली आमटी नव्हे. ती तमिळ देशातून गेली. पण दोघी एकाच पोशाखात इंग्रजी कोशात शेजारी राहतात आणि नवशिक्याची फसगत करतात.

आमच्या भाषेतही गंमत अशीच आहे. 'तयार' हा अरबी-फारसी शब्द मूळचा बाजदारांचा, पिसे झडून नवी फुटल्यावर उडावयास सिद्ध झालेल्या ससाण्याविषयीचा, असे एक मत आहे. 'सन्नद्ध' म्हणजे बांधलेला, चिलखत कसलेला. एकूण घोडा, पक्षी, कवच असे काहीतरी हातास लागणारे घेतल्यावाचून माणसाला तयारीची कल्पनाच करता आलेली दिसत नाही.

नवव्या शतकात, 865 साली, डेन लोकांची मोठी फौज इंग्लंडात उतरली आणि लुटीसाठी आलेले हे लोक उत्तरेत व पूर्वेस जमीन कसून राहू लागले. त्यांच्या भाषेत 'बूआ' या एकाच क्रियापदाला सिद्ध करणे आणि घर करून राहणे असे दोन्ही अर्थ होते. पहिल्या अर्थावरून सिद्ध झालेला तो 'बून'. पुढे त्याच्या शेवटी एक 'ड' चिकटला आणि 'बाउंड' झाला. जहाज अमुक बंदरासाठी 'बाउंड' आहे, असे इंग्रजीत म्हणतात, त्यात बांधल्याचा काही संबंध नाही. ते निघावयास सिद्ध आहे, एवढेच. दुसऱ्या अर्थावरून घर करून राहणारा तो 'हूसबोंडी', म्हणजे आजचा 'हजबंड'. निघण्याच्या तयारीत असलेले जहाज आणि घर धरून बसलेला नवरा हे असे भाऊबंद आहेत! लुटारू शेतकरी झाला, त्या स्थित्यंतराचा याहून बोलका पुरावा एखाद्या ताम्रपटातही मिळणार नाही.

येथवर तयार होणारा आणि तयारीचा धनी हे दोघे पुष्कळदा एकच होते. 1066 मध्ये नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकून गादीवर बसला आणि दरबाराची भाषा फ्रेंच झाली. आता जे शब्द आले ते वरून खाली आले. लॅटिनमध्ये 'प्रोविदेरे' म्हणजे पुढचे पाहणे. सरळ लॅटिन वाटेने आलेला 'प्रोव्हाइड' आणि फ्रेंचांच्या तोंडून घासून आलेला 'पर्व्हे' हे दोन्ही त्याचेच पुत्र. राजाची स्वारी निघाली की तिच्यापुढे 'पर्व्हेयर' नावाचे कामगार जात आणि धान्य, कोंबड्या, गाड्या, बैल जे लागेल ते राजाच्या हक्काने उचलीत. दाम मिळाला तर कमी, आणि तोही उशिरा. आपल्याकडे साहेबाचा मुक्काम पडला की गावाने जी सरबराई करावी लागे, तिचीच ही थोरली बहीण. 1215 च्या मॅग्ना कार्टाची थोरवी आम्ही शाळेत पाठ केली, पण त्यातील एक कलम राजाच्या अधिकाऱ्याने रोख दाम दिल्यावाचून कोणाचे धान्य उचलू नये एवढ्यासाठी आहे, हे काही आम्हांस कोणी सांगितले नव्हते. कलम झाले तरी जाच संपला नाही. हा हक्क रद्द व्हावयास 1660 साल उजाडावे लागले. दूरदृष्टी हा सद्गुण खरा. पण पाहणारा एक आणि ज्याच्या कणगीकडे पाहिले जाते तो दुसरा, असे झाले की त्या शब्दाचा रंग पालटतो. त्याच लॅटिन शब्दाचे एक नातवंड आज आपल्या घरोघर आहे, ते म्हणजे प्रॉव्हिडंट फंड. येथे निदान पुढचे पाहणारा आणि पैसे ठेवणारा एकच आहे.

'प्रेस्ट' हा शब्द याहून कडू. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ हाताशी असलेला, तयार. त्याच्या सोबतीने उसना किंवा आगाऊ दिलेला पैसा असाही 'प्रेस्ट' आला. सरकारी कचेरीत ज्याने काम केले आहे त्याला 'इंप्रेस्ट' सांगावयास नको. किरकोळ खर्चासाठी आगाऊ हाती दिलेली ती रक्कम, आणि महिनाअखेर जुळता न जुळणारा तिचा हिशेब! हा आगाऊ पैसा इंग्लंडात शिपायाच्या आणि खलाशाच्या हातावर विसार म्हणून ठेवीत. विसार घेतला की माणूस 'प्रेस्ट' झाला, म्हणजे बोलावताच हजर होण्यास बांधला गेला. हळूहळू विसाराची आठवण पुसली आणि दाबणे, जबरदस्ती करणे या अर्थाचा 'प्रेस' त्या जागी येऊन बसला. अर्थाची ही चूक कोशकारांनी केलेली नव्हे, ती अनुभवाने केलेली आहे. कारण बंदरांतून 'प्रेस गँग' नावाच्या टोळ्या हिंडू लागल्या होत्या आणि दर्यावर्दी दिसेल त्यास पकडून आरमारावर चढवीत होत्या. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत हा प्रकार इतका वाढला की इंग्रज आरमार अमेरिकेच्या व्यापारी जहाजांवरूनही माणसे उतरवून घेऊ लागले. 1812 साली अमेरिकेने ब्रिटनशी युद्ध पुकारले त्याच्या कारणांत हे एक ठळक कारण होते. 1815 मध्ये युद्धे थांबली आणि ही धरपकडही मागे पडली. तयार या अर्थाचा शब्द पकडलेला या अर्थाला येऊन पोहोचला, तो असा.

'प्रिपेअर' त्या मानाने सोवळा. तो पंधराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास इंग्रजीत दिसू लागतो. प्रभूचा मार्ग सिद्ध करा, या अर्थाचे जे बायबलातील वचन आहे, त्याच्या भाषांतरात विक्लिफच्या मंडळींनी चौदाव्या शतकाच्या अखेरीस देशी 'रेडी'च वापरला होता. 1526 मध्ये टिंडलने तेथे 'प्रिपेअर' घातला आणि 1611 च्या राजमान्य भाषांतराने तो कायम केला. लॅटिनच्या ज्या 'पारारे' धातूपासून हा शब्द आला त्याचा गोतावळा मोठा आहे. 'रिपेअर' त्यातला, पोशाख या अर्थाचा 'अ‍ॅपॅरल' त्यातला, उन्हाचे निवारण करणारा 'पॅरासोल' त्यातला. आणि हुकूम करणे या अर्थाचे 'इम्पेरारे'ही त्यातलेच, ज्यावरून 'एम्परर' आणि 'एम्पायर' झाले. साम्राज्य हा शब्द तयारीच्या घरात जन्मावा, यात आम्हांस आता नवल वाटत नाही. दुसऱ्यांस तयार ठेवणारा, तोच सम्राट!

एक शब्द मात्र राजाचा नव्हे, कुणब्याचा आहे, आणि तो आम्हांस सर्वांत आवडतो. 'रिहर्स' म्हणजे पुन्हा एकदा कुळवणे. जुन्या फ्रेंचमध्ये 'हर्स' म्हणजे दातेरी कुळव. नांगरटीनंतर ढेकळे फोडण्यासाठी त्याची पाळी द्यावयाची, आणि रान मऊ झाले नाही तर पुन्हा द्यावयाची. तीच गोष्ट पुन्हा सांगणे, असा अर्थ त्यावरून झाला, आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाटकवाल्यांनी तो शब्द उचलला. आपल्या नाटकमंडळ्यांनी त्यासाठी तालीम हा शब्द घेतला. अरबीत त्याचा अर्थ शिकवण; आपल्याकडे तो आखाड्यातून रंगभूमीवर आला. दोन्हीकडे घाम आहे, तेव्हा पसंती कोणाला द्यावी हा प्रश्नच आहे. कुळवाच्या आकाराची मेणबत्त्यांची चौकट प्रेतपेटीवर उभारीत, तिलाही 'हर्स' म्हणत. त्यावरून प्रेत नेणाऱ्या गाडीला तेच नाव पडले.

'अलर्ट' आणि 'अलार्म' हे दोघे इटलीतील शिपायांच्या आरोळ्या. पहिलीचा अर्थ उंचावर, टेहळणीला चला. दुसरीचा शस्त्रे घ्या. आज 'अलार्म' उशाशी असतो आणि आपण त्याला गजर म्हणतो, जो शब्द विठ्ठलनामाशी जोडलेला आहे. शस्त्रे घ्या या आरोळीपेक्षा तो उठवावयास बरा!

विसाव्या शतकात 'प्रिपेअर्डनेस' ही एक घोषणाच झाली. पहिल्या महायुद्धात अमेरिका अद्याप उतरली नव्हती, तेव्हा तिने शस्त्रसज्ज व्हावे म्हणून या नावाची चळवळ तेथे उभी राहिली आणि 1916 मध्ये शहरोशहरी 'प्रिपेअर्डनेस परेड' निघाल्या. या 'परेड'चाही मूळ धातू 'पारारे'च. 22 जुलैला सॅन फ्रान्सिस्कोतील अशा मिरवणुकीत बाँब फुटून 10 माणसे मेली.

आमच्या मुंबईने हा धडा दुसऱ्या महायुद्धात घेतला. त्या वेळी 'एअर रेड प्रिकॉशन्स', म्हणजेच ए. आर. पी., ही अक्षरे घरोघर पोहोचली होती. हाच तो छाप्याचा 'रेड', आता आकाशात गेलेला. आणि 'प्रिकॉशन' म्हणजे आधीच घेतलेली सावधगिरी. दिव्यांना आडोसे झाले, सर्वांचे डोळे वर लागले. 12 एप्रिल 1944 रोजी 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज व्हिक्टोरिया गोदीत आले. त्यावर सुमारे 1,400 टन स्फोटके होती आणि कराचीहून चढवलेल्या कापसाच्या गाठीही होत्या. धोक्याचा माल असल्याचे लाल निशाण त्यावर फडकत नव्हते. 14 तारखेस दुपारी आतील कापसाने पेट घेतला. जहाज बंदराबाहेर न्यावे की जागीच बुडवावे, याचा निर्णय वेळेत झाला नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. आकाशातून कोणीही आले नव्हते. शेकडो माणसे मेली. गोदीलगतची वस्ती जळाली.

स्फोटकांची ने-आण हा साम्राज्याच्या तयारीचा भाग होता, तिचा हुकूम दूरवरून सुटलेला होता, आणि गोदीतल्या हमालाला आपण कशाशेजारी उभे आहोत हे ठाऊक नव्हते. अग्निशमन दलाची माणसे मात्र वर्दी मिळताच जाऊन जहाजावर पाणी मारीत उभी राहिली होती. त्यांपैकी 66 जण त्या दिवशी गेले. दरवर्षी 14 एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात, तो त्यांच्या स्मरणार्थ.