लाखोळी : धानाच्या बांधीतील निषिद्ध डाळीचा इतिहास

१/ धानाची कापणी होण्यापूर्वी, बांधीत ओल असतानाच उभ्या पिकात बी फेकून पेरण्याची जुनी रीत गोंदिया-भंडाऱ्याकडे आहे. तिला उतेरा म्हणतात. त्यासाठी वेगळी नांगरणी लागत नाही, पाणी द्यावे लागत नाही. धान कापले जाते तेव्हा खाली लाखोळी रुजलेली असते आणि उरलेल्या ओलीवर ती हिवाळा काढते.

२/ लाख, लाखोरी, लाखोळी ही तिची झाडीपट्टीतील नावे. छत्तीसगडात ती तिवरा, हिंदी मुलखात खेसारी. १९६१ साली भारताच्या अन्नविषयक नियमांत या डाळीची विक्री निषिद्ध वस्तूंच्या यादीत गेली. अपायकारक घटक अन्नातून काढून टाकावा म्हणजे आरोग्य सुधारेल, हा विचार आज घरोघरी ऐकू येतो. शासनाने तो एका संपूर्ण धान्याला लावला, तेव्हा काय घडले याची ही हकीकत.

३/ बंदीमागचे भय खरे होते. लाखोळीमुळे होणाऱ्या विकाराला लॅथिरिझम म्हणतात. रुग्णाची बुद्धी शाबूत राहते, हातही बहुधा चालतात. पण पाय ताठरतात, गुडघे वाकतात, टाचा उचलल्या जातात. आधी एक काठी लागते, मग दोन, आणि शेवटी माणूस बसल्या जागेवरून सरपटू लागतो. एकदा गेलेली चाल परत येत नाही. तरुण, कष्टकरी पुरुषांत हा विकार अधिक आढळतो.

४/ मध्य भारतातील याची प्रसिद्ध नोंद विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याची आहे. १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्याने सागर जिल्ह्यातील एका खेड्याची कथा दिली आहे. १८२९ मध्ये गारपिटीने पीक नेले, १८३० मध्ये पावसाने दगा दिला, १८३१ मध्ये तांबेऱ्यासारख्या रोगाने गहू बुडाला. या तिन्ही वर्षांत तगली ती तिवराच. लोकांनी तीच खाल्ली, आणि १८३३ पासून गावातील तरुणांचे पाय कमरेखाली लुळे पडू लागले.

५/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेच चक्र पुन्हा फिरले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा त्या प्रांताच्या भंडारा जिल्ह्यात होता. १८९६ ते १९०२ या काळात मध्य प्रांतात पसरलेल्या लॅथिरिझमवर ब्युकॅनन या वैद्यकीय अधिकाऱ्याने लिहिलेला अहवाल १९०४ मध्ये नागपुरात छापला गेला. दुष्काळ सरल्यानंतरही त्याची खूण माणसांच्या चालीत उरली होती.

६/ हे दुर्दैव एकट्या हिंदुस्थानच्या वाट्याला आलेले नव्हते. जर्मनीतील व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने १६७१ मध्येच या पिठाच्या भाकरीवर बंदी घातली होती. माद्रिदच्या १८११-१२ च्या दुष्काळात लोक याच कडधान्याच्या पिठावर जगले. चित्रकार गोयाने त्यावर एक चित्र कोरले, त्यात एक स्त्री आडवी पडलेली दिसते. १८७३ मध्ये नेपल्सच्या आर्नाल्दो कान्तानी यांनी या विकाराला लॅथिरिझम हे नाव दिले.

७/ १९४२-४३ च्या हिवाळ्यात रुमानियाच्या ताब्यातील वाप्न्यार्का छावणीत ज्यू कैद्यांना हेच कडधान्य रोज दिले गेले. काही आठवड्यांत शेकडो कैद्यांचे पाय निकामी होऊ लागले. छावणीतील कैदी डॉक्टर आर्थर केसलर यांनी कारण ओळखले. सागरचा शेतकरी आणि वाप्न्यार्काचा कैदी यांच्यात एकच साम्य होते : ताटात दुसरे काही नव्हते.

८/ हा मुद्दा साऱ्या इतिहासाचा कणा आहे. आठवड्यातून दोनदा भातावर लाखोळीचे वरण घेणाऱ्याला लॅथिरिझम झाल्याच्या नोंदी नाहीत. रोजच्या आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक वाटा या डाळीचा असेल आणि असे दोन-तीन महिने वा अधिक काळ चालले, तरच धोका उभा राहतो. तशी पाळी दुष्काळात येते, किंवा दारिद्र्यात.

९/ दारिद्र्याचे सर्वांत कठोर रूप रीवा-सतना भागात दिसले. तेथे शेतमजुरांना मजुरी म्हणून पैशांऐवजी लाख मापून देण्याची प्रथा विसाव्या शतकात दीर्घकाळ टिकली. मालकाच्या घरी गहू शिजत असे, मजुराच्या घरी मजुरीची डाळ. एकाच गावात एकाचे पाय धड आणि दुसऱ्याचे अधू, यामागे धान्याइतकाच मजुरीचा व्यवहारही होता.

१०/ विष नेमके कोणते, हे १९६४ मध्ये कळले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी लाखोळीच्या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळे केले. आज ते ओडॅप या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. मेंदूकडून स्नायूंकडे आज्ञा नेणाऱ्या चेतापेशींना ते प्रमाणाबाहेर उत्तेजित करते, आणि अखेर त्या पेशी मरतात.

११/ आता तारखांकडे पाहावे. विष ओळखले गेले १९६४ मध्ये. बंदी आली १९६१ मध्ये. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा. त्याखालील नियमांत ४४-अ हा नियम आला. खेसारी, तिची डाळ, तिचे पीठ, तसेच हरभऱ्यात वा अन्य कडधान्यात केलेले तिचे मिश्रण विकण्यास त्याने मनाई केली. मात्र त्यात एक फट होती : ज्या तारखेपासून राज्य सरकार अधिसूचना काढील, त्या तारखेपासूनच त्या राज्यात मनाई लागू होणार होती.

१२/ महाराष्ट्राने मनाई लागू केली. मध्य प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगाल यांनी केली नाही. गोंदियाच्या दृष्टीने याचा अर्थ विलक्षण होता. १९५६ पर्यंत गोंदिया आणि बालाघाट एकाच राज्यात होते. त्या वर्षीच्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ वेगळा झाला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. माती तीच, धान तेच, उतेराही तोच. पण सीमेच्या अलीकडे जी डाळ विकणे गुन्हा, ती पलीकडे बाजारातील साधा माल.

१३/ कायद्याची रचना आणखी एका कारणाने चुकीच्या जागी नेम धरून होती. कायदा भेसळीचा होता. सोललेली लाखोळी तुरीच्या डाळीसारखी दिसते, तिचे पीठ बेसनात सहज मिसळते आणि ती स्वस्त असते. त्यामुळे व्यापारी ती तुरीत व बेसनात मिसळीत. फसवणूक थांबवणे आवश्यकच होते. परंतु भेसळीचे बेसन खाणाऱ्या शहरी ग्राहकाच्या पोटात लाखोळी जाऊन जाऊन किती जाणार?

१४/ ज्याचे पाय खरोखर जाण्याचा धोका होता, तो ती विकत घेत नव्हताच. ती त्याच्या बांधीत उगवत होती किंवा मजुरीत मिळत होती. विक्रीवरील बंदी त्याच्या चुलीपर्यंत पोहोचत नव्हती. पोहोचला तो भावावरचा परिणाम. निषिद्ध मालाला खुल्या बाजारात जागा नसते. त्यामुळे शेतकऱ्याने तो मिळेल त्या दराने, बहुधा सीमेपलीकडे जाणाऱ्या व्यापाऱ्याला देऊन टाकावा, हेच ओघाने आले.

१५/ पूर्व विदर्भाच्या स्वयंपाकघराने लाखोळी सोडली नाही. तिचे वरण, तिचे वडे, कोवळ्या शेंड्यांची भाजी हे पदार्थ टिकून राहिले. ओडॅप पाण्यात विरघळते. डाळ भरपूर पाण्यात भिजवून किंवा उकळून ते पाणी फेकले, तर विषाचा बराच भाग निघून जातो. भातासारख्या तृणधान्यासोबत खाल्ल्याने धोका आणखी उतरतो. दुष्काळात मात्र पाणी, सरपण आणि तांदूळ या तिन्ही गोष्टी एकदमच संपतात. विषाला वाट मिळते ती तेथे.

१६/ मग विकार ओसरला कसा? १९७२ च्या दुष्काळाच्या काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे सुरू झाली, रास्त भावाच्या दुकानांतून धान्य मिळू लागले, इटियाडोहसारख्या धरणांनी पाणी आणले. ज्या बांधीत पूर्वी लाखोळीखेरीज दुसरे काही येत नसे, तेथे पाणी पोहोचल्यावर उन्हाळी धान उभे राहिले. ताटातील लाखोळीचा वाटा आपोआप घटला.

१७/ हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी गोंदिया जिल्ह्यातच याची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. लोक लाखोळी खात होते, तरीही लॅथिरिझमचे रुग्ण अगदी मोजके, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सापडले. खाण्याचे प्रमाण कमी झाले होते आणि आहारात इतर अन्न आले होते.

१८/ या बंदीविरुद्ध दीर्घकाळ लढणारे नाव म्हणजे नागपूरचे पोषणतज्ज्ञ डॉ. शांतीलाल कोठारी. लाखोळी ही गरिबाची प्रथिनांची डाळ आहे, तिच्यात सुमारे २८ टक्के प्रथिने आहेत, आणि समतोल आहारात ती अपाय करीत नाही, अशी त्यांची मांडणी. त्यांनी अर्ज केले, उपोषणे केली, न्यायालये गाठली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्र शासनाने बंदी उठवली.

१९/ कोठारींच्या ॲकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट या संस्थेचा दुसरा लढा नेमका उलट्या टोकाचा होता. लाखोळीच्या बाबतीत शासन अन्नातून काही काढू पाहत होते. मिठाच्या बाबतीत घालू पाहत होते. गलगंड रोखण्यासाठी २००६ पासून आयोडीन नसलेले खाण्याचे मीठ विकण्यास मनाई झाली. ४ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की असा नियम करण्याचा अधिकार भेसळीच्या कायद्यात नाही; मात्र सहा महिने तो चालू ठेवण्यास मुभा दिली.

२०/ विजय अल्पायुषी ठरला. ५ ऑगस्ट २०११ रोजी नव्या अन्नसुरक्षा कायद्याचे नियम लागू झाले. त्यांतील विक्रीवरील निर्बंधांच्या एकाच नियमावलीत आयोडीनविरहित मिठावरची मनाई आली आणि खेसारीवरचीही. मिठाच्या सक्तीमागे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत झालेले गंभीर संशोधन होते, हेही नोंदवले पाहिजे. आयोडीनची उणीव खरी होती, लॅथिरिझमही खराच होता. वाद होता तो सर्वांसाठी एकच उपाय सक्तीचा करण्याचा.

२१/ दरम्यान तिसरा मार्ग शेतात तयार होत होता. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘रतन’ आणि रायपूरच्या कृषी विद्यापीठाने ‘प्रतीक’ व ‘महातिवरा’ ही वाणे विकसित केली. त्यांत ओडॅपचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञगटाने या तीन वाणांवरील बंदी उठवावी अशी शिफारस केल्याचे २०१६ च्या आरंभी जाहीर झाले. त्यातही पेच राहतोच : बाजारात आलेल्या पोत्यातला दाणा कोणत्या वाणाचा, हे डोळ्यांना दिसत नाही.

२२/ लाखोळीच्या इतिहासात खलनायक शोधू गेल्यास एक रेणू सापडतो, आणि त्याला अन्नातून हद्दपार करण्याचा मोह होतो. पण तो रेणू शतकानुशतके त्याच बांधीत, त्याच दाण्यात होता. माणसे लंगडी झाली ती ज्या वर्षी त्या दाण्याशिवाय खायला काही उरले नाही त्या वर्षी. गोंदियातील पाय वाचले ते ताटात दुसरे अन्न आल्यामुळे, आणि ते आणायला कायद्याच्या एका ओळीपेक्षा कितीतरी अधिक श्रम लागले.