वाचनखुणांची यादी

पुस्तकातली वाचनखूण पुस्तकातच राहते. मोरपीस असो, पिंपळाचे जाळीदार पान असो, नाहीतर पीएमटीचे जुने तिकीट असो, पुस्तक हातात असेल तरच त्या खुणेला अर्थ. पुस्तक हरवले की खूणही गेली. संगणकावरच्या वाचनखुणेचे तसे नाही. ती आपल्या घरी असते, आणि पान असते सातासमुद्रापलीकडच्या कुठल्या तरी यंत्रावर. म्हणजे नीट पाहिले तर ती खूण नव्हेच, तो पत्ता आहे. पत्ता म्हटला की तो दुसऱ्याला देता येतो. एक काळ असा होता की लोक आपल्या अशा पत्त्यांच्या अख्ख्या याद्याच स्वतःच्या संकेतस्थळावर मांडून ठेवत, आणि त्यासाठी खास छोटे छोटे प्रोग्रॅमही मिळत. आज ती चाल जवळजवळ मोडली आहे. मोडली ते का, आणि तीत जपण्यासारखे काय होते, एवढेच आज लिहायचे आहे.

थोडा इतिहास पाहू. १९९३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मोझेक नावाचा न्याहाळक तयार झाला. (मनोगतावर ब्राउझरला न्याहाळक म्हणत. मला तो शब्द अजून आवडतो.) मोझेकमध्ये आवडलेली पाने 'हॉटलिस्ट'मध्ये टाकता येत. १९९४च्या डिसेंबरात नेटस्केप नॅव्हिगेटर आला आणि त्याने या सोयीला 'बुकमार्क' हे नाव रूढ केले. या खुणा तो एका फाइलीत लिहून ठेवी. गंमत अशी की ही फाइल म्हणजे स्वतःच एक वेबपान होते. ज्या एचटीएमएल भाषेत जगातली सगळी संकेतस्थळे लिहिली जात, त्याच भाषेत ही यादीही लिहिलेली. प्रत्येक कप्प्याला मथळा, त्याखाली दुवे, दुव्याबरोबर तो कधी साठवला त्याची नोंद, आणि मनात असेल तर खाली दोन ओळींचे वर्णन. आज तीस वर्षांनीही क्रोम किंवा फायरफॉक्समधून आपल्या खुणा बाहेर काढल्या की फाइल याच घाटाची निघते, आणि तिच्या पहिल्याच ओळीत नेटस्केपचे नाव असते. नेटस्केप गेले, त्याने पाडलेली वाट राहिली.

यादी मुळातच वेबपान असल्यामुळे ती जगासमोर ठेवणे अगदी सोपे होते. फाइल उचलायची आणि आपल्या संकेतस्थळावर चढवायची, झाले. पण अडचणी लगेच दिसत. त्या फाइलीत बँकेचाही पत्ता असे, डॉक्टरांचाही असे, आणि कोणाला दाखवू नये असेही काही असे. घरातले कपाट जसेच्या तसे ओट्यावर आणून कोणी मांडत नाही! म्हणून मग मदतीला प्रोग्रॅम आले. कुठले कप्पे दाखवायचे आणि कुठले झाकायचे ते निवडा, यादी विषयवार लावा, प्रत्येक कप्प्याचे वेगळे पान करा, बंद पडलेले दुवे शोधा, आणि नवी खूण पडली की सगळी पाने पुन्हा तयार करा, अशी कामे ते करत. पुढे खुणा घरच्या संगणकाऐवजी थेट संकेतस्थळाच्या विदागारातच ठेवणारे प्रोग्रॅम आले, म्हणजे एक यादी घरी आणि एक दुकानी, असे दोन संसार उरले नाहीत.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? गूगलला विचारले की पत्ता मिळतो. मंडळी, मराठीच्या बाबतीत बरीच वर्षे तो मिळत नव्हता, आणि हे आज तरुण मंडळींना सांगूनही पटत नाही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. पुढच्याच वर्षी, १९९६ साली, मायबोली हे संकेतस्थळ अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी उभे केले. हळूहळू वर्तमानपत्रे आली, कोणाची कवितांची पाने आली, पाककृतींची आली, गडकिल्ल्यांची आली. पण यांतली बहुतेक पाने एका युक्तीने मराठी दिसत. संगणकाला वाटे की आपण रोमन अक्षरेच दाखवत आहोत. फाँट मात्र असा बनवलेला की त्या रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचे चित्र उमटावे. डोळ्यांना मराठी, यंत्राच्या लेखी मात्र रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक माळ. त्यात प्रत्येक स्थळाचा फाँट निराळा. तो आधी उतरवून घ्यायचा, बसवायचा, तेव्हा कुठे मजकूर वाचता येई. अशा पानांत शोधयंत्राला 'तुकाराम' किंवा 'पुरणपोळी' सापडणार कशी? त्याच्या दृष्टीने तिथे ते शब्दच नव्हते.

या रोगावरचे औषध आपल्याकडे, खरे म्हणजे आपल्या पुण्यातच, माहीत होते. १९८८ साली पुण्यात सीडॅक स्थापन झाली आणि भारतीय लिप्यांसाठी तिथे मोठे काम झाले. १९९१ साली 'इस्की' हे अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांचे भारतीय मानक ठरले. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, आणि तिची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८च्या आराखड्यावर बेतलेली होती. पण मानक ठरणे वेगळे आणि ते घराघरातल्या संगणकावर पोचणे वेगळे. विंडोज २००० आणि एक्सपीपासून देवनागरीची सोय आली, तरी मराठी पाने युनिकोडमध्ये यायला वेळ लागला. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला, मनोगत २००४ साली. त्यानंतर अनुदिन्यांची लाट आली, आणि मगच मराठीत लिहिलेले मराठीत शोधता येऊ लागले.

मधल्या जवळजवळ दहा वर्षांत मराठी वाचकाला मराठी पान सापडे ते कोणी तरी सांगितले म्हणूनच. कोणाच्या तरी मुखपृष्ठावर 'माझे आवडते दुवे' असा कोपरा असे. एका यादीतून दुसरीकडे, दुसरीतून तिसरीकडे, अशी वाट काढत माणसे पोचत. वारीला निघालेला माणूस नकाशा पाहत नाही, पुढच्या दिंडीला विचारतो, तसे. परदेशी मंडळींना या याद्या म्हणजे सोय होती. आपल्याला तर त्याच रस्ता होत्या.

दुसऱ्याने काढलेली वाट आपल्याला मिळावी, ही कल्पना संगणकाहूनही फार नवी नाही. १९४५ साली व्हॅनेव्हर बुश या अमेरिकी शास्त्रज्ञाने 'अटलांटिक' मासिकातल्या लेखात 'मेमेक्स' नावाच्या एका काल्पनिक यंत्राचे वर्णन केले होते. माणसाने त्यात वाचता वाचता कागदांना कागद जोडत जावे, आणि जोडून झालेली वाट नक्कल करून मित्राला द्यावी, अशी त्याची कल्पना. ते यंत्र कधी बनले नाही.

पण त्याच्या दोनच वर्षे आधी, १९४३ साली, पुण्यात यंत्राशिवाय एक काम पुरे झाले होते. शंकर गणेश दाते यांनी 'मराठी ग्रंथसूची'चा पहिला खंड काढला. १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची ती विषयवार यादी. १९३८ ते १९५० या वर्षांचा दुसरा खंड निघाला १९६१ साली. दोन खंडांमध्ये अठरा वर्षे गेली. म्हणजे मराठी छपाईच्या दीडशे वर्षांची नोंद एका माणसाच्या चिकाटीने झाली. दाते १९६४ साली गेले. पुढच्या वर्षांच्या ग्रंथांची सूची शरद साठे यांनी हाती घेतली.

दात्यांची आठवण इथे मुद्दाम काढतो आहे. त्यांच्या सूचीतली कितीतरी पुस्तके आज बाजारात मिळत नाहीत, काही ग्रंथालयांतूनही गेली असतील. तरीही सूची निरुपयोगी झाली नाही. कारण नोंदीत पुस्तकाचे नाव आहे, लेखकाचे नाव आहे, साल आहे. एवढ्या धाग्यावरून अभ्यासक आजही माग काढतो; आणि पुस्तक नाहीच मिळाले, तरी अमुक साली अमुक माणसाने अमुक विषयावर मराठीत लिहिले होते, एवढे तरी कळते. 'अमक्या ग्रंथालयात, तिसरे कपाट, दुसरा खण' एवढेच त्यांनी लिहिले असते तर? कपाट हलले की सगळे काम मातीमोल.

आपल्या वाचनखुणा नेमक्या अशाच असतात: तिसरे कपाट, दुसरा खण. आणि महाजालावरची कपाटे फार हलतात. याहूने २००९च्या ऑक्टोबरात जिओसिटीज बंद केले, तेव्हा लाखो लोकांची हौसेने केलेली पाने एका फटक्यात गेली. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती.

याद्या ठेवणाऱ्या दुकानांचेही तेच. जोशुआ शॅक्टर हा गृहस्थ आपल्या खुणा 'मक्सवे' या स्वतःच्या स्थळावर सगळ्यांना दिसतील अशा ठेवत असे. त्यातूनच २००३ साली 'डिलिशस' निघाले. आता प्रत्येकाला स्वतःचे स्थळ नको, प्रोग्रॅम नको. खुणा तिथेच ठेवा, विषयाचे शब्द चिकटवा, इतरांच्याही पाहा. लोकांच्या उड्या पडल्या. २००५ साली याहूने ते विकत घेतले, २०११ साली विकून टाकले, आणि आणखी हात बदलत २०१७ साली ते पिनबोर्ड या दुसऱ्या खूण-स्थळाच्या मालकाने अवघ्या ३५ हजार डॉलरांना घेतले. नवी खूण घालणे तेव्हापासून बंद. गूगलची स्वतःची बुकमार्क सेवाही २०२१ साली मिटली. फुकटच्या धर्मशाळेत संसार थाटला की मालक बदलल्यावर गाठोडे उचलावेच लागते. आपल्या स्थळावरची साधी यादी मात्र आपले स्थळ आहे तोवर राहते.

आता नवीनच प्रकार आला आहे. यंत्राला प्रश्न विचारला की ते उत्तरच तयार करून देते. सोय आहे, नाही म्हणत नाही. पण उत्तर मिळाले की ते कोणी लिहिले होते तिकडे कोणी फिरकत नाही. शिवाय विचारलेल्याचेच उत्तर मिळते. जे आहे हेच ठाऊक नाही, ते विचारणार कसे? यादी ते दाखवते. जिच्या निवडीवर आपला भरवसा आहे, अशा व्यक्तीची यादी तर अधिकच.

म्हणून अनुदिनीवाल्या मित्रांना आणि घरच्या मुलानातवंडांनाही सुचवतो. आपल्या शंभर खुणांतल्या वीस निवडा आणि आपल्या स्थळावर मांडा. मायबोलीवर 'निवडक दहा' असतात, तेवढ्या केल्या तरी चालेल. हौस असेल तर शार्ली किंवा लिंकडिंग असे फुकट प्रोग्रॅम आजही मिळतात. नसेल तर एक साधे पान पुरे. मात्र नुसता दुवा देऊ नका. लेखाचे नाव, लिहिणाऱ्याचे नाव, साल, आणि तो का वाचावा याची एक ओळ, एवढे प्रत्येकापुढे लिहा. शाळेत संदर्भ लिहायला शिकवताना मी मुलांकडून हेच करून घेत असे, आणि मुले कंटाळत असत. जमल्यास ते पान इंटरनेट अर्काइव्हवरही साठवायला लावा. १९९६ सालापासून ती संस्था हेच काम करते आहे.

पुढेमागे दुवा मोडेल, मोडणारच. पण 'अमुक बाईंनी २००६ साली खानदेशातल्या लग्नगीतांवर लिहिले होते, आणि ते मला फार आवडले होते' एवढे जरी तुमच्या पानावर राहिले, तरी शोधणाऱ्याच्या हाती धागा राहील. तुमच्या याद्या तयार झाल्या की मला जरूर कळवा. माझ्या पानावर त्यांचा वेगळा कप्पा करायचा आहे.