घण, ऐरण आणि प्रयोगशाळा

भट्टीतून निघालेल्या लोखंडाचा रंग पाहून ते घडण्याजोगे झाले की नाही, हे जुना लोहार अचूक ओळखीत असे. घाव केव्हा घालावा, किती जोराने घालावा आणि केव्हा थांबावे, हे ज्ञान कोणत्या पोथीत नव्हते. ते बापाच्या हातातून मुलाच्या हातात येत असे. त्याच्या बळावर शतकानुशतके नांगरांचे फाळ आणि तलवारींची पाती घडली. परंतु विमानाच्या जेट एंजिनासाठी टायटॅनियम व निकेल यांचे मिश्रधातू वापरात आले, तेव्हा ही हातची विद्या अपुरी पडू लागली. हे धातू महाग, घडविण्यास हट्टी, आणि उष्णतेचा अंदाज थोडा चुकला तरी आतून बिघडणारे. येथे प्रयोगशाळेची मदत घेणे भाग होते; मात्र प्रयोगशाळेपासून कारखान्यापर्यंतची वाट वाटते तितकी जवळची नव्हती.

ही वाट बांधण्याचा एक जुना प्रयत्न स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात झाला. तेथील विद्यापीठातील प्राध्यापक जॉन अँडरसन हे पदार्थविज्ञानाच्या आपल्या व्याख्यानांना शहरातील कारागिरांनाही येऊ देत. त्यांच्या वर्गातील वाफेच्या एंजिनाची प्रतिकृती नीट चालेना, म्हणून १७६३ च्या सुमारास ती जेम्स वॅट या उपकरणे बनविणाऱ्या कारागिराकडे दुरुस्तीस आली. वॅटच्या सुधारित एंजिनाचा उगम त्या दुरुस्तीत आहे. १७९६ मध्ये अँडरसन निवर्तले, तेव्हा त्यांनी आपली मिळकत ‘उपयुक्त विद्येचे स्थान’ उभारण्यासाठी ठेवली होती. त्यातून निघालेल्या संस्थेचेच १९६४ मध्ये स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठ झाले.

विद्या आणि उपयोग यांच्यात किती अंतर पडू शकते, हे धातुशास्त्रातील एका शोधावरून ध्यानी येते. १९३४ मध्ये इंग्लंडातील पिअर्सन या धातुशास्त्रज्ञाने बिस्मथ व कथील यांच्या मिश्रधातूची एक कांडी सावकाश ताणली. सामान्य धातू मूळ लांबीच्या अर्ध्याइतका वाढण्यापूर्वीच बहुधा तुटतो. ही कांडी मात्र १,९५० टक्के, म्हणजे मूळ लांबीच्या सुमारे वीसपट होईपर्यंत तुटली नाही. पिअर्सनने ती वेटोळे करून तिचे छायाचित्र घेतले. धातूचे स्फटिककण अतिसूक्ष्म असले, तो पुरेसा तापलेला असला आणि ताण मंद गतीने दिला, तर कण एकमेकांवरून सरकतात आणि धातू एखाद्या घट्ट पाकाप्रमाणे लांबत जातो. या गुणाला अतिआकार्यता म्हणतात.

शोध अपूर्व होता, पण कारखान्यांनी त्याची दखल घेतली नाही. १९४५ मध्ये सोव्हिएत संशोधक बोच्वार व स्विदेर्स्काया यांनी त्या गुणाला नाव दिले. १९६२ मध्ये अंडरवुड यांनी त्या कामाचा आढावा घेतला, तेव्हा पश्चिमेकडील शास्त्रज्ञांचे तिकडे लक्ष वेधले. आणि १९६४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत बॅकोफेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा पत्रा काच फुगवावी तसा फुगवून आकारास आणता येतो हे दाखविले. शोधापासून येथवर येण्यास तीस वर्षे लागली होती.

पुढे याच गुणाच्या आधारे रोल्स-रॉइस कंपनीने टायटॅनियमची पोकळ पाती घडविली. टायटॅनियमचे पत्रे ठरावीक जागी उष्णतेने व दाबाने एकजीव करावयाचे, आणि साच्यात सुमारे ९०० अंश सेल्सियसला तापवून त्यांच्यामध्ये निष्क्रिय वायू सोडावयाचा. मग पाते आतून फुगून साच्याचा आकार घेते. वजनाला हलकी अशी ही पाती ट्रेंट ७०० या एंजिनाबरोबर १९९५ मध्ये प्रवासी विमानांच्या सेवेत आली. पिअर्सनच्या कांडीपासून या पात्यापर्यंत एकसष्ट वर्षे उलटली होती.

एवढा काळ का लागावा? अभ्यासकाचा नमुना बोटाएवढा असतो, तर कारखान्याचा नग कित्येक किलोचा. नवे काही करून पाहण्यासाठी कारखान्याला आपले दाबयंत्र थांबविणे परवडत नाही, आणि तेवढे यंत्र विद्यापीठापाशी नसते. दोहोंमधील ही जागा कोणाचीच नव्हती. ती भरून काढण्यासाठी स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाने २००९ मध्ये ग्लासगोजवळ प्रगत धातुघडणीचे संशोधन केंद्र उघडले. रोल्स-रॉइस व बोइंग या कंपन्या आरंभीच्या सभासदांत होत्या. कारखान्यात असतात तशीच मोठी यंत्रे तेथे आहेत. समाईक संशोधनाचा खर्च सभासद वाटून घेतात आणि त्याचे निष्कर्षही वाटून घेतात. अँडरसन यांच्या वर्गात कारागीर येत असत. येथे कंपनीचा अभियंता व विद्यापीठाचा संशोधक एकाच यंत्रापाशी उभे राहतात.

भारतातही या दिशेने मोलाचे काम झाले. वाय. व्ही. आर. के. प्रसाद यांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांसह १९८४ मध्ये तप्त धातूच्या घडणीचे नकाशे प्रसिद्ध केले. एका अक्षावर उष्णतामान, दुसऱ्यावर आकार बदलण्याचा वेग. नकाशातील कोणत्या प्रदेशात धातू सुखरूप घडेल आणि कोणत्या प्रदेशात तडकेल, हे त्यावरून आधीच कळते. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत हे काम अनेक धातूंपर्यंत विस्तारले आणि १९९७ मध्ये अशा नकाशांचा संग्रह ग्रंथरूपाने निघाला. लोहार जे रंगावरून ओळखीत होता, ते आता कागदावर आले. लोहाराची विद्या त्याच्याबरोबर जात असे. हा नकाशा कोणालाही वाचता येतो. परंतु तोही ग्रंथालयाच्या कपाटात राहिला, तर पिअर्सनच्या वेटोळ्यासारखाच तीस वर्षे वाट पाहील.