सांगडीपासून यंत्रनौकेपर्यंत

आपल्या कोळी समाजाचा इतिहास राजदरबारच्या दप्तरांत फारसा सापडावयाचा नाही; तो नदीच्या उतारांवरच शोधला पाहिजे. अक्कलकोट तालुक्याच्या दक्षिण अंगाने भीमा वाहते, आणि नळदुर्गाच्या किल्ल्याजवळून आलेली बोरी आपल्या तालुक्यातून जाऊन अखेरीस तिलाच मिळते. पूल नव्हते त्या काळी सोयरीक, बाजार, यात्रा हे पैलतीराशी असलेले सारे व्यवहार पावसाळ्यात नावाड्याच्या हाती असत. पंढरपुरी याच भीमेच्या वाळवंटातील पुंडलिकाच्या मंदिराची पूजाअर्चा परंपरेने कोळी कुळांकडे चालत आली आहे. नदीशी आपले नाते किती जुने आहे, हे एवढ्यावरून ध्यानी यावे.

त्या काळची साधने साधी होती. वाळलेले भोपळे एकत्र बांधून केलेली सांगड, बांबूच्या कामट्यांच्या गोल टोपलीवर कातडे मढवून केलेला व कानडी मुलखात हरिगोल म्हणून ओळखला जाणारा तराफा, आणि लाकडी नाव. या साधनांचा दोष डोळ्यांस दिसे. भोपळ्यास चीर गेली, कातडे फाटले, फळीचा सांधा सुटला, तर तो पाण्यात उतरण्यापूर्वीच कळे. म्हणून पावसाळ्याच्या आधी नाव उलथी घालून सांधे बुजविणे व तिला तेल पाजणे, हा नावाड्याचा धर्मच होता.

यंत्र आले आणि दोष दृष्टीआड गेला. इ. स. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने पेट्रोलचा बारीक फवारा हवेत मिसळणारा कार्बोरेटर सिद्ध केला. पुढे १९०९ मध्ये नॉर्वेत जन्मलेला व अमेरिकेत वाढलेला ओले एव्हिनरूड याने नावेच्या मागील फळीस अडकविता येईल असे सुटे यंत्र विक्रीस आणले. त्याच्या व्यापाराची बाजू त्याची पत्नी बेस हिने सांभाळली. आपल्या कोकणपट्टीतील ज्ञातिबांधवांनी स्वातंत्र्योत्तर काळात नौकांच्या पोटात डिझेल यंत्रे बसविली. त्यांस कार्बोरेटर लागत नाही. आपल्या नदीकाठी मात्र कार्बोरेटरचे यंत्र विशेषेकरून दिसते ते पुराच्या वेळी, बचावाच्या बोटीवर.

या लहानशा भागाचे काम मोठे आहे. वजनाने सुमारे पंधरा भाग हवा व एक भाग पेट्रोल, असे मिश्रण त्याने यंत्रास पुरवावयाचे असते. आतील वाटीत पेट्रोल साठते. ते ठरावीक पातळीस आले की फ्लोट वर उचलला जाऊन सुईने वाट बंद होते. तेथून ते जेटच्या केसासारख्या छिद्रातून ओढले जाते. यंत्र महिनोन्महिने पडून राहिले की वाटीतील पेट्रोल उडून जाते आणि मागे राळेसारखा चिकट थर राहतो. छिद्र बुजते, सुई चिकटते, आणि यंत्र दोरी कितीही ओढली तरी दाद देत नाही.

जुन्या यंत्राचा कार्बोरेटर नव्याने उभा करणे हे धीराचे काम आहे. तो सोडवून सर्व भाग क्रमाने मांडावेत, साफ करण्याच्या द्रावणात भिजवावेत व छिद्रांतून हवा मारावी. जेटमध्ये पोलादी तार घालू नये. छिद्र किंचित जरी वाढले तरी प्रमाण बिघडते. सुई, तिची बैठक व पॅकिंग नवे घालावे आणि फ्लोटची उंची यंत्राच्या पुस्तकाप्रमाणे लावावी. मंद गतीचा पेट्रोल स्क्रू हलक्या हाताने बैठकीपर्यंत न्यावा आणि प्रारंभी सुमारे दीड फेरा मागे घ्यावा. मग यंत्र पाण्यात ठेवून, गरम करून स्क्रू थोडाथोडा आत घ्यावा. यंत्र शिंकू लागले म्हणजे पेट्रोल कमी पडते. उलट फिरविता ते जड व धुरकट चालू लागले म्हणजे पेट्रोल जास्त होते. या दोहोंच्या मध्ये, किंचित जास्तीच्या बाजूस, स्क्रू ठेवावा. कारण दोन फटक्यांच्या यंत्रात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते व पिस्टन पकडतो.

अलीकडे यात एका गोष्टीची भर पडली आहे. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याची पद्धत रूढ झाली. हे इथेनॉल बहुतांशी उसापासून व धान्यापासून होते, आणि आपला जिल्हा उसाचाच. त्यामुळे शेतकऱ्याचे हित त्यात आहे. परंतु इथेनॉल हवेतील ओल शोषते, आणि जुन्या यंत्रांतील रबरी भाग व लाखेचा लेप दिलेले बुचाचे फ्लोट खराब करते. जुने यंत्र आता पूर्वीपेक्षा अधिक निगा मागते.

ही निगा कोणासाठी, हे आपल्या तालुक्यास सांगावयास नको. ऑक्टोबर २०२० मध्ये बोरीस महापूर येऊन सांगवी खुर्दसारख्या गावांत पाणी शिरले. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेने माढा, मोहोळ भागांत तोच प्रसंग आणला. अशा रात्री छपरावर बसलेल्या कुटुंबाचा जीव बोटीच्या यंत्रावर, आणि यंत्राचा जीव त्या सूक्ष्म छिद्रावर अवलंबून असतो.

आपल्या पूर्वजांनी नावेस तेल पाजले ते पूर आल्यावर नव्हे, पूर येण्यापूर्वी. तोच नियम यंत्रास लागू आहे. ठेवून देण्यापूर्वी टाकी व वाटी रिकामी करावी, उन्हाळ्याच्या अखेरीस कार्बोरेटर उघडून पाहावा, यंत्र पाण्यात चालवून घ्यावे. नदीकाठच्या प्रत्येक गावातील आपल्या दोन-तीन तरुण मुलामुलींनी हे काम मिस्त्रीच्या हाताखाली बसून शिकावे. पाण्याची पारख आपल्या समाजास वारशाने मिळाली आहे; यंत्राची पारख कष्टाने मिळवावी लागेल, आणि ती मिळविण्याचे दिवस कोरड्या नदीचे आहेत.