पत्र्याची बासरी आणि सोफियाटाउन

मौलाना रूमींच्या 'मसनवी'ची सुरुवात नै या वाद्याच्या तक्रारीने होते. बोरूच्या बनातून तोडल्याची ती तक्रार. पण जगात एक अशीही बासरी आहे जी कुठल्याच बनात उगवली नाही. ती कारखान्यातल्या पत्र्यातून जन्मली, तरी ताटातुटीचं दुःख तिच्याही वाट्याला आलं. तिचं नाव टिन व्हिसल, म्हणजेच पेनीव्हिसल.

इंग्लंडमधल्या सफक परगण्यातल्या रॉबर्ट क्लार्क या शेतमजुराने १८४३ साली ती बनवायला सुरुवात केली. कथिलाचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा गुंडाळून निमुळती नळी, तोंडाशी लाकडाचा ठोकळा आणि सहा भोकं, एवढाच ऐवज. पुढे त्याने मँचेस्टर या गिरण्यांच्या शहरात धंदा थाटला. स्वस्त पत्र्यामुळे वाद्य गरिबाच्या खिशात आलं. आयर्लंडने तर ते आपलंसंच केलं.

आजही ही बासरी स्वस्तच आहे. विकत घ्यायची तर डी सुराची घ्यावी. बहुतेक आयरिश सुरावटी तिच्यावर बसतात. घेताना सहाही भोकं बंद करून हळू फुंकावं. खालचा सूर स्वच्छ आला पाहिजे आणि जरा जोर लावताच तोच सूर वरच्या सप्तकात गेला पाहिजे. तो अडखळला तर दुसरी उचलावी, कारण स्वस्त मालात नग-नगात फरक असतो. सहाही बंद म्हणजे सा. खालून एकेक बोट उचलत गेलं की शुद्ध सप्तक मिळतं. आपल्या बासरीवर वरची तीन भोकं बंद ठेवून सा धरतात, म्हणून बासरी येणाऱ्याची बोटं सुरुवातीला गोंधळतात.

दक्षिण आफ्रिकेत १९५०च्या दशकात जोहान्सबर्गच्या काळ्या वस्त्यांतली पोरं हीच बासरी रस्त्यावर वाजवत. ती तोंडात तिरकी धरून, सूर घसरवत. त्या संगीताला नाव पडलं क्वेला. झुलू भाषेत या शब्दाचा अर्थ 'वर चढ', आणि पोलिसांच्या गाडीलाही लोक 'क्वेला-क्वेला' म्हणत.

स्पोक्स मशियाने हा त्यातला नामवंत वादक. १९५४ पासून त्याच्या तबकड्या प्रचंड खपल्या, पण हाती यायची ती एकरकमी बिदागी. १९५८मध्ये कंपनी बदलताना त्याने रॉयल्टी मिळवली. काळ्या कलावंतांना ती तोवर क्वचितच मिळे. त्याच वर्षी 'टॉम हार्क' ही क्वेलाची धून ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचली.

म्हणजे लंडनला ही बासरी हवी होती. ज्या वस्त्यांत ती वाजत होती, त्या मात्र तिथल्या सरकारला नको होत्या. ९ फेब्रुवारी १९५५ रोजी सुमारे दोन हजार पोलिसांनी सोफियाटाउन रिकामं करायला सुरुवात केली. माणसं ट्रकांत भरून मेडोलँड्सला नेली, घरं पाडली आणि त्या जागी गोऱ्यांची वसाहत उभारून तिला नाव दिलं 'ट्रायोम्फ', म्हणजे विजय. जुनं नाव परत मिळायला २००६ साल उजाडलं.

वर्गात रूमी शिकवताना मुलं विचारतात, नै कशासाठी रडते? आता मी सोफियाटाउनही सांगतो. बन बोरूचंच असतं असं नाही, ते वस्तीचंही असतं.