पाश्चरीकरणाची कसोटी : फॉस्फेटेज चाचणी

वाशिम जिल्ह्यातील केनवडसारख्या गावांतून संकलित झालेले दूध शहरातील ग्राहकाच्या हाती पिशवीतून येते. त्याचे पाश्चरीकरण नीट झाले की नाही, हे चवीवरून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत फॉस्फेटेज चाचणी करतात.

कच्च्या दुधात अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर निसर्गतःच असते. दूध ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे किंवा ७२ अंशांना १५ सेकंद तापविल्यास क्षयाचे जंतू मरतात आणि त्यांच्याहून किंचित चिवट असलेले हे विकरही निष्क्रिय होते. दुधाचा नमुना ठरावीक रसायनासह ३७ अंशांवर ठेवतात. पिवळा रंग उमटला, तर दूध पुरेसे तापलेले नाही किंवा त्यात नंतर कच्चे दूध मिसळले आहे, असे समजतात. मात्र पाश्चरीकरणानंतर दुधात शिरलेले जंतू या चाचणीत दिसत नाहीत. त्यामुळे शंका असल्यास दूध उकळूनच प्यावे.