स्क्रोल सॉ बिघडलं? मेकॅनिककडे नेण्याआधी घरीच काय तपासायचं

स्क्रोल सॉ म्हणजे शिलाई मशीनसारखं दिसणारं इलेक्ट्रिक करवत. सुईच्या जागी ५ इंच म्हणजे साधारण १२७ मिलिमीटर लांबीचं बारीक पातं असतं. ते वरखाली होत राहतं आणि आपण लाकूड हाताने फिरवत नक्षी कापायची. नावाची पाटी, कीचेन, जिगसॉ कोडी, जाळीचं काम असलं सगळं यावर होतं. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, त्यानंतर गणपतीचं मखर प्लायवूडचं करायला लागलेल्यांपैकी मी एक. तेव्हापासून हे मशीन माझ्याकडे आहे.

अडचण अशी की हे मशीन आपल्याकडे अजून तसं दुर्मीळ आहे. ऑनलाइन मागवलं की घरी येतं, पण बिघडल्यावर कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याने ते आधी कधी पाहिलेलं नसतं. मग ‘मोटर गेली, नवीन घ्या’ हे उत्तर मिळतं. माझा अनुभव असा की मोटर क्वचितच गेलेली असते. बहुतेक वेळा दोष पातं, क्लॅम्प, तेल किंवा भुसा यापैकी कुठेतरी असतो, आणि तो शोधायला आपल्या खिशातला फोन चांगला उपयोगी पडतो. इथे मी घरगुती वापराचं १६ इंची, स्पीड कमीजास्त करता येणारं मशीन धरून लिहितोय. कंपनी कुठलीही असली तरी आतली रचना साधारण सारखीच असते.

आधी एक नियम. मशीनला हात लावायचा तो प्लग काढून. नुसतं बटण बंद करून चालणार नाही, कारण पातं बदलताना कोपर बटणाला लागलं तरी मशीन सुरू होतं. आणि काम चालू असताना पातं तुटलं, तर वरचा तुकडा क्लॅम्पमध्ये अडकून तसाच वरखाली आपटत राहतो. तेव्हा हात पुढे न नेता पहिल्यांदा मशीन बंद करा.

पातं सुटतंय, तुटतंय, वाकडं कापतंय

सगळ्यात जास्त तक्रारी याच. नवीन पातं लावलं आणि दोन मिनिटांत क्लॅम्पमधून सटकलं, असं होत असेल तर क्लॅम्प आणखी जोरात आवळू नका. नव्या पात्यांना गंज लागू नये म्हणून कारखान्यातून तेलाचा हात दिलेला असतो. पात्याची दोन्ही टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा थिनरने पुसा आणि बारीक पॉलिश पेपरवर एकदा घासा. क्लॅम्पच्या आतल्या बाजूही पुसून घ्या. तरीही सटकत असेल तर क्लॅम्पचा स्क्रू बाहेर काढून त्याचं टोक बघा. वापरून वापरून ते आरशासारखं गुळगुळीत झालेलं असतं. कानशीने हलकेच सपाट आणि खरखरीत केलं की पकड परत येते. दुसऱ्यांदा तेच झालं तर स्क्रूच बदला. जुना सोबत घेऊन गेलात तर हार्डवेअरच्या दुकानात त्याच मापाचा मिळतो.

पातं वारंवार तुटण्याचं कारण बहुधा ताण. कमी ताण असेल तर पातं लाकडात पोटासारखं फुगतं आणि कडा तिरकी निघते. जास्त असेल तर टोकापाशी तुटतं. ताण बघायची सोपी पद्धत म्हणजे प्लग काढलेला असताना पात्याच्या मधोमध मागच्या सपाट बाजूवर बोटाने ढकलून बघायचं. ३ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकायला नको. नखाने छेडलं तर तंतुवाद्याच्या तारेसारखा टणक, उंच आवाज यायला हवा. ‘थड्’ असा आवाज आला तर ताण कमी आहे.

एक गोष्ट मात्र बिघाड नाही, आणि त्यावरून लोक मशीन परत पाठवतात. सरळ रेषेवर लाकूड ढकललं तरी काप हळूहळू उजवीकडे जातो. पातं बनवताना त्याच्या एका कडेला धातूची अगदी बारीक धार राहते, त्यामुळे ती बाजू जास्त कापते. लाकूड थोडं तिरकं धरून ढकलायचं, दोनचार दिवसांत हाताला सवय होते. कापच सरकतोय म्हणून क्लॅम्प वाकवत बसू नका.

आणि पातं हा खर्चाचा माल आहे. सागवानात सिलिका असते, प्लायवूडमध्ये गोंद असतो. दोन्ही धार मारतात. अशा लाकडात एक पातं अर्धा तास चाललं तरी भरपूर झालं. ढकलायला जोर लागायला लागला, काप काळसर दिसायला लागला की ते फेका. याला धार लावायची नसते.

काप खरंच ९० अंशात आहे का?

फोनमधलं लेव्हल ॲप इथे वापरू नका. कॅमेऱ्याचा उंचवटा आणि कव्हर यामुळे फोन सपाट बसतच नाही. गुण्या असेल तर तो पात्याला लावून बघा, नसेल तर लाकडाचा तुकडा पुरतो. साधारण २ सेंटिमीटर जाड तुकडा घ्या, त्यात ३-४ मिलिमीटर खोल खाच पाडा, मशीन बंद करून प्लग काढा. आता तुकडा पालथा न करता टेबलवर सरकवत पात्याच्या मागे न्या, अर्धा फिरवा आणि तीच खाच मागून पात्यावर चढवून बघा. पातं न वाकता आत बसलं तर टेबल काटकोनात आहे. टेबल १ अंशाने कललेलं असेल तर इथे तो फरक २ अंशांचा दिसतो, त्यामुळे डोळ्याला न कळणारी चूकही पकडली जाते. टेबलच्या बाजूला जो अंशांचा पट्टा छापलेला असतो, त्यावर मी कधीच विसंबत नाही.

स्लो मोशन व्हिडिओने काय कळतं

मशीन पूर्ण वेगात असताना पातं मिनिटाला साधारण १६०० वेळा वरखाली होतं, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २७ वेळा. डोळ्याला फक्त धूसर रेघ दिसते. बऱ्याच फोनमध्ये २४० फ्रेमचा स्लो मोशन मोड असतो. त्यात पूर्ण वेगातल्या एका फेरीच्या ९ फ्रेम मिळतात. वेग कमी करून ४०० वर आणलात तर एका फेरीच्या ३६ फ्रेम मिळतात, आणि मग सगळं स्पष्ट दिसतं.

दोन व्हिडिओ काढा. पहिला समोरून. यात पातं डावीकडे-उजवीकडे हलताना दिसलं तर वरचा आणि खालचा क्लॅम्प एका रेषेत नाहीत किंवा हाताच्या, म्हणजे वरच्या-खालच्या आर्मच्या बुशिंगमध्ये ढिलाई आली आहे. दुसरा बाजूने. यात पातं थोडं पुढेमागे होईलच, कारण आर्म कमानीत फिरतो. ते नैसर्गिक आहे. फक्त जुन्या व्हिडिओपेक्षा ते वाढलंय का ते बघायचं. म्हणूनच मशीन नवीन असताना एक व्हिडिओ आणि एक आवाजाची क्लिप काढून ठेवा, पुढे ‘आवाज बदललाय की मला वाटतंय’ हा वाद मिटतो.

शूट उन्हात किंवा खिडकीपाशी करा. स्वस्त एलईडी बल्ब आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, त्यामुळे स्लो मोशनमध्ये चित्र मिचमिच करतं. फोन स्टँडवर, मशीनपासून हातभर लांब ठेवा. बारीक भुसा चार्जिंग पोर्टमध्ये आणि माइकच्या भोकात बसतो, तो काढणं स्क्रोल सॉ दुरुस्त करण्यापेक्षा कटकटीचं आहे.

बुशिंगची शंका असेल तर प्लग काढून वरचा आर्म पुढच्या टोकाला धरा आणि आडवा हलवा. खटखट असा आवाज आला तर बुशिंग झिजलंय.

तेल: कुठलं, कधी, कुठे

आर्म ज्या दांड्यांवर फिरतात तिथल्या बेअरिंगला तेल लागतं. पुष्कळ मशीनच्या पुस्तिकेत पद्धत सारखीच दिलेली असते: पहिल्या १० तासांच्या वापरानंतर एकदा, पुढे दर ५० तासांनी, किंवा किरकिर ऐकू आली की लगेच. मशीन एका कुशीवर आडवं करायचं, दांड्याच्या टोकाशी एसएई २० ग्रेडचं तेल भरपूर सोडायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. दुसऱ्या रात्री दुसरी कूस. घाई केली तर तेल बाहेरच ओघळतं, आत मुरत नाही.

डब्ल्यूडी-४० मारून किरकिर थांबते, पण ती थोडा वेळ. त्या नावातलं डब्ल्यूडी म्हणजेच पाणी हटवणारं. ते ओलावा काढायला उत्तम, टिकाऊ वंगण म्हणून नाही. तुमच्या मशीनची बेअरिंग सीलबंद असतील तर तेल आत जाणारच नाही. तिथे आवाज आला तर बेअरिंगच बदलायचं. त्याच्या कडेला नंबर कोरलेला असतो, फोटो काढून दुकानात दाखवा.

मोटर चालत नाही तेव्हा

इथे माझाच किस्सा सांगतो. गणपतीला आठ दिवस असताना मशीन आधी अडखळायला लागलं, मग बंदच पडलं. एका रिपेअरवाल्याने हातात घेऊन, वास घेऊन सांगितलं, ‘मोटर जळाली.’ घरी आणून मी मोटरच्या दोन्ही बाजूंची काळी टोपणं उघडली. आतले कार्बन झिजून नखाएवढे राहिले होते. जोडी मला साठ रुपयांना मिळाली आणि मखर वेळेत झालं.

स्पीड बदलता येणाऱ्या बऱ्याच मशीनमध्ये असे कार्बन असतात. लक्षणं ओळखायला सोपी: मोटर कधी चालते कधी नाही, धक्का दिल्यावर सुरू होते, आत ठिणग्या जास्त दिसतात. कार्बन ६ मिलिमीटरपेक्षा आखूड झाला की बदला, आणि दोन्ही एकदम. काढण्याआधी फोटो घ्या, कारण पुढची कड मोटरच्या गोलाईप्रमाणे झिजलेली असते. जुना कार्बन परत बसवायचा असेल तर तो त्याच दिशेने बसायला हवा. काही मशीनच्या इंडक्शन मोटरला कार्बन नसतातच, तिथे टोपणं शोधत बसू नका.

कार्बन ठीक असतील तर प्लग, वायर आणि फ्यूज हे क्रमाने बघा. त्यानंतर उरतो स्पीड कंट्रोलचा बोर्ड. वेग आपोआप वरखाली होत असेल तर स्पीडच्या बटणाखाली भुसा गेलेला असू शकतो, ब्लोअरने उडवून बघा. पण बोर्ड उघडून सोल्डरिंग करणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे, कारण त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहते. आणि मशीनच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर पुढचं काहीही न तपासता ते बाजूला ठेवा आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनला दाखवा.

अमेरिकेतल्या काकांनी किंवा मित्राने तिकडचं मशीन आणलं असेल तर वेगळी गोष्ट. ते १२० व्होल्टचं असतं, आपले २३० व्होल्ट थेट दिले तर बोर्ड किंवा मोटर उडते. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. तिकडे ६० हर्ट्झ, इकडे ५०, त्यामुळे इंडक्शन मोटरवालं मशीन इथे थोडं हळू चालतं आणि जास्त तापतं. मध्ये मध्ये थांबवून वापरा.

छोट्या गोष्टी

रेषेवरचा भुसा उडवणारी नळी बऱ्याचदा चिरते. मूळ सुटा भाग मिळत नसेल तर माशांच्या टाकीचा एअर पंप आणि त्याचीच नळी लावा, चांगली चालते. मशीन थरथरत असेल तर आधी टेबलाचे आणि बुडाचे बोल्ट आवळा, मग मशीन जड बाकावर बोल्टने पक्कं करा. हलक्या फोल्डिंग टेबलावर ते कधीच शांत चालणार नाही. एमडीएफ कापताना एन९५ मास्क लावा. त्याच्या भुशात फॉर्मल्डिहाइडचा चिकट पदार्थ असतो आणि तो भुसा खूप बारीक असतो.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, बिडाच्या टेबलावर आठवड्यात लालसर थर चढतो. भुसा ओल धरून ठेवतो, म्हणून काम झालं की आधी ब्रशने तो झाडा. गंज आलाच तर स्क्रबरने थोडं तेल लावून घासा, कोरडं पुसा आणि फर्निचरच्या मेणाचा पातळ थर देऊन चमकवा. सिलिकॉन असलेलं पॉलिश नको, ते लाकडाला लागलं की वर रंग धरत नाही. पाती हवाबंद डब्यात, सोबत बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आणि मशीन आठवडाभर वापरणार नसाल तर पात्याचा ताण सैल करून ठेवा.